मुलांच्या इंग्रजीला वाचक मिळवून द्या: एससीईआरटीला एका शिक्षिकेचे खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (एससीईआरटी), पुणे,
आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) इंग्रजी विषय सांभाळणारे सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. घरोघरी आलेला फोन मुलांच्या इंग्रजी लेखनासाठी नीट वापरता यावा, म्हणून आपल्याकडे काही मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले आहे, कारण यातला बराच भाग माझ्या शिक्षक सहकाऱ्यांनी आणि पालकांनीही वाचावा असे मला वाटते.

आधी गाडी कुठे अडते ते सांगते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सातवीत येईपर्यंत मूल सहा वर्षे हा विषय शिकलेले असते. त्याला कविता चालीवर म्हणता येते. धड्याखालच्या प्रश्नाचे उत्तर धड्यातली ओळ हुडकून लिहिता येते. बऱ्याच जणांना वाचताही येते. पण 'काल तू काय केलंस ते चार वाक्यांत लिही' म्हटले की वर्ग गप्प होतो आणि नजरा शेजारच्या वहीकडे वळतात. मनचे इंग्रजी लिहायची वेळ या मुलांवर सहा वर्षांत फारशी आलेलीच नसते. फळ्यावरचे उतरवणे आणि गाइडमधले उतरवणे, यालाच आपण लेखन म्हणत आलो. 'माय बेस्ट फ्रेंड' हा निबंध वर्गातल्या कोणत्याही वहीत उघडा. मित्र तोच, त्याच्या वडिलांचा व्यवसाय तोच, त्याचा आवडता खेळही तोच.

दहावीपर्यंत हेच चालते. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत पत्र येते, संवाद येतो, भाषण, बातमी, गोष्ट येते. प्रश्न चांगले आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुले पत्राचा मायना आणि शेवट पाठ करतात, मधला मजकूर पाठ करतात आणि कधीही उत्तर न देणाऱ्या मित्राला ते पत्र लिहितात. शाळेच्या सगळ्या वर्षांत मुलाच्या इंग्रजीला एकच वाचक असतो, लाल पेन घेतलेला शिक्षक. आणि तो शिक्षकही मजकूर वाचत नाही, चुका मोजतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले, कारण इतक्या वह्या पुढ्यात असताना दुसरे काही करायला सवड नसते.

मुलांच्या चुका बघितल्या तर त्या आळसाच्या नाहीत हे लगेच कळते. 'माय फादर इज फार्मर' असे लिहिणाऱ्या मुलाच्या मराठीत 'अ' आणि 'द' यांच्यासारखे काही नाही, मग ते त्याला सुचणार कसे? देवनागरीत मोठी लिपी, छोटी लिपी असा भेद नाही, म्हणून वाक्याच्या सुरुवातीचे आणि गावाच्या नावाचे मोठे अक्षर राहून जाते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते, म्हणून 'आय मँगो ईट'. आपण 'मी जातो आहे' म्हणतो, म्हणून तो अंदाजाने 'आय एम गो' लिहितो. व्ही आणि डब्ल्यू या दोन्ही अक्षरांना आपल्या तोंडी एकच 'व' आहे, त्यामुळे शब्दलेखनात ती सतत अदलाबदल होतात. हे सगळे मराठी नीट येत असल्याचेच लक्षण आहे. पानभर लाल रेघा मारून ते जात नाही. मूल पुढच्या वेळी कमी लिहिते, एवढाच परिणाम होतो.

आता फोनकडे वळते. मुले फोनवर काहीच लिहीत नाहीत, नुसती बघत बसतात, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. ती पूर्ण खरी नाही. सातवी-आठवीतली मुले गेम खेळताना, मामेभावाशी गप्पा मारताना, व्हिडिओखाली प्रतिक्रिया देताना भरपूर लिहितात. फक्त ते लिहिणे रोमन अक्षरांतले मराठी असते. 'काय करतोय', 'येतोस का' हे सगळे इंग्रजी अक्षरांत. कोणत्या आवाजाला कोणते अक्षर, हे ती आपापसांत कुणी न शिकवता ठरवतात आणि समोरच्याला ते वाचता येते. शाळेत पेन घेऊन ज्याचे इंग्रजी वाक्य पुढे सरकत नाही, तो मुलगा संध्याकाळी त्याच अक्षरांत न थांबता बोलत असतो. त्याला पलीकडून उत्तर येणार आहे हे ठाऊक असते, म्हणून तो लिहितो.

'प्रथम' संस्था शाळकरी मुलांची 'असर' ही पाहणी करते. तिच्या २०२४ च्या ग्रामीण फेरीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुले ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. या दोन आकड्यांमधल्या अंतरावर आपण बरीच भाषणे ऐकतो. मला त्यात एक मोकळी जागा दिसते. जिथे मुले आपणहून जातात तिथे आपण इंग्रजी लेखन नेलेलेच नाही.

आपण काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद असताना रोजची अभ्यासमाला फोनवर यायची, ती मी स्वतः पालकांच्या गटात पुढे पाठवली आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरची 'स्वाध्याय' योजना आली. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, ते स्कॅन केले की 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-मंचावरचे व्हिडिओ उघडतात. त्या काळात या गोष्टींनी आम्हाला सावरले. पण त्यांचा रोख बघा. व्हिडिओ बघायचा, ऐकायचा. स्वाध्यायमध्ये दिलेल्या पर्यायांतला एक निवडायचा. मुलाने स्वतःचे एक वाक्य लिहावे आणि ते दुसऱ्या माणसाने वाचावे, अशी सोय यात कुठे नाही. फोन हे दोन्ही बाजूंनी बोलायचे साधन असताना शिक्षणात मात्र आपण त्याचा रेडिओच करून ठेवला.

आमच्या भागात एक गोष्ट अशी आहे, जिच्यामुळे मला हे उमगत गेले. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सोने-चांदी शुद्ध करून देण्याची त्यांची दुकाने तामिळनाडू, केरळपासून पार उत्तरेपर्यंत आहेत. जवळजवळ प्रत्येक वर्गात असे एखादे मूल असतेच, ज्याचा काका किंवा मामा 'गलाईवर' आहे. त्या काकांची मुले तिकडेच इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, बाहेर तमिळ किंवा मल्याळम, पण मराठी लिहायला त्यांना कुणी शिकवलेले नसते. उन्हाळ्यात, जत्रेला येतात तेव्हा आमच्या मुलांबरोबर विहिरीत पोहतात, आणि परत गेली की दोघांमध्ये लिहायची भाषा एकच उरते, मोडकी असो की चांगली, इंग्रजी.

सातवीतल्या एका मुलीला मी सांगितले, या आठवड्यात वहीत लिहू नको, तुझ्या कोइमतूरच्या चुलतबहिणीला लिही. आईच्या फोनवरून, आईसमोर. तिने लिहिले: 'रेन केम. माय फादर सॅड.' दोन वाक्ये. माझ्याकडे वही आली असती तर मी दुसऱ्या वाक्यात राहिलेले क्रियापद लाल शाईने घातले असते आणि पान उलटले असते. बहिणीचे उत्तर वेगळे होते: 'व्हाय सॅड? रेन इज गुड नो?' बरोबरच आहे, शहरातल्या मुलीला पाऊस आला म्हणून बाप दुःखी का, हे कसे कळणार? आता या मुलीला सांगणे भाग पडले. त्यांची द्राक्षबाग काढणीला आली होती. अवकाळी पावसाने मणी तडकले, घडावर घड खराब झाले आणि व्यापाऱ्याने दर पाडला. हे तिला मराठीत एका दमात सांगता येत होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली आणि विचारू लागली, बाई, 'तडकले' कसे लिहायचे, 'म्हणून' कसे लिहायचे, व्यापाऱ्याला काय म्हणायचे. 'बिकॉज' मी त्या वर्गाला कितीदा शिकवला होता, रिकाम्या जागा भरून घेतल्या होत्या. तो तिने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून वापरला. संध्याकाळी गेलेला निरोप असा होता: 'माय फादर वॉज सॅड बिकॉज द ग्रेप्स क्रॅक्ड. द ट्रेडर गिव्ह लेस मनी. लास्ट इयर ही गेव्ह मोअर.'

'गिव्ह' चुकले आहे. मी ते तसेच राहू दिले. पण पुढच्याच वाक्यात 'गेव्ह' बरोबर आले आहे, आणि 'लास्ट इयर'ची तुलना तिला कुणी सांगितलेली नव्हती, समोरच्या बहिणीला नुकसान समजावे म्हणून ती तिला सुचली. दोन वाक्यांच्या जागी तीन झाली हा यातला लहान भाग. 'का' या प्रश्नाचे उत्तर तिने इंग्रजीत दिले, कारण ते तिला खरेच कुणीतरी विचारले होते. मी वर्गात हजारदा 'व्हाय' विचारते, पण मला उत्तर आधीच ठाऊक आहे हे मुलांना माहीत असते.

त्यानंतर वर्गातल्या ज्या ज्या मुलांचे असे कुणी बाहेर होते त्यांच्याकडून मी हेच करून घेतले, आणि ज्यांचे नव्हते त्यांच्या जोड्या दुसऱ्या शाळेतल्या माझ्या एका मैत्रिणीच्या वर्गाशी लावल्या. सगळे सुरळीत झाले असे नाही. काही मुले 'नाइस' आणि एक अंगठा पाठवून मोकळी झाली. दोन्हीकडे मराठीच येणाऱ्या जोड्यांत मुले चार दिवसांत रोमन मराठीवर घसरली, आणि त्यात त्यांचा दोष नाही. जिच्याशी मराठीत बोलता येते तिच्याशी इंग्रजीत कशाला लिहायचे? शब्दलेखन आपोआप सुधारले नाही. ते वर्गातच घ्यावे लागते. पण मजकूर वाढला, कारणे येऊ लागली, भूतकाळ नीट येऊ लागला. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मुले आपणहून शब्द विचारायला येऊ लागली.

म्हणून माझी पहिली मागणी अशी: आमच्या मुलांना असे वाचक मिळवून द्या, ज्यांच्याशी इंग्रजीशिवाय बोलता येत नाही. हे आपल्या हातात आहे. राज्याराज्यांच्या जोड्या लावणाऱ्या केंद्र सरकारच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. आजवर या जोडीतून नृत्ये झाली, पदार्थांची माहिती झाली, एकमेकांच्या भाषेतली वाक्ये मुलांनी पाठ केली. तिचा उपयोग इंग्रजी लेखनासाठी का करू नये? कटक किंवा कोरापुटच्या सरकारी शाळेतल्या सातवीच्या मुलाला मराठी येत नाही, आमच्या मुलाला ओडिया येत नाही, आणि दोघांचे इंग्रजी साधारण सारखेच कच्चे आहे. हे सारखे कच्चे असणे फार मोलाचे आहे. मोठ्या शहरातल्या इंग्रजी शाळेशी जोडी लावली की आमची मुले पहिल्याच पत्रात दबतात. तिकडच्या मुलाला आपली रथयात्रा समजावून सांगायची आहे आणि इकडच्याला पंढरीची वारी. दोघांनाही गरज आहे, दोघांकडेही सांगण्यासारखे आहे.

दुसरा वाचक आणखी लांब आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ या तिथल्या मराठी मंडळांच्या संघटनेशी जोडलेल्या मराठी शाळा चालतात. तिथली मुले इंग्रजीत वाढतात आणि शनिवार-रविवारी मराठी शिकतात. आमची मुले नेमकी उलटी आहेत. त्यांनी मराठीत लिहावे, आमच्यांनी इंग्रजीत, आणि दोघांनी एकमेकांचे लिहिलेले दुरुस्त करावे. तिथल्या मुलाने 'माझी आजी आला' असे लिहिले तर आमची सातवीतली मुलगी ते हक्काने सुधारेल. त्याच हक्काने त्याने तिचे 'आय एम गो' सुधारले तर तिला लाज वाटणार नाही. आमच्या मुलांना इंग्रजीच्या बाबतीत नेहमी घेणाऱ्याच्या जागी बसवले जाते. इथे त्यांना देण्यासारखेही काही असेल. वेळेच्या फरकाची अडचण नाही, कारण पत्र केव्हा पोचले याला महत्त्व नाही. शासनाने मंडळाशी एकदा बोलावे, एवढेच लागेल.

आता काळजीच्या गोष्टी. पालक मला पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि तो त्यांनी विचारलाच पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक यांच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे तेरा वर्षांखालच्या मुलाला खाते उघडता येत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्याआधी पालकांची खातरी करता येईल अशी संमती घ्यायला सांगितले आहे. सहावी-सातवीच्या मुलांचा वेगळा गट काढणे आणि त्यांनाच त्यात घेणे हे म्हणूनच चुकीचे आहे. आणि एक बारीक बाब, जी अनेक शाळांच्या लक्षात येत नाही: व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या गटात प्रत्येक सभासदाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मुलीच्या आईचा नंबर गावभर जातो. आमच्याकडे एवढ्या एका कारणावरून आया गट सोडून जातात आणि त्यांच्या मुलींचा अभ्यास तिथेच तुटतो.

यावर मला जमलेली रीत सांगते. नात्यातल्या माणसाला लिहायचे असेल तर ते आईच्या फोनवरून घरातल्या घरात होते, तो प्रश्न वेगळा. दोन शाळांची जोडी असेल तर मुलाचा फोन मध्ये आणायचाच नाही. मूल वहीत लिहिते. पानाचा फोटो मी काढते, किंवा आई फक्त मला पाठवते. तो मजकूर दोन शिक्षकांमध्ये जातो आणि पलीकडच्या वर्गात फळ्यावर किंवा कागदावर पोचतो. फोटोत चेहरा नाही, आडनाव नाही, गावाचा पत्ता नाही. उत्तरही त्याच वाटेने येते. यात घरी फोन नसलेले मूलही मागे राहत नाही, आणि मुलींचे तर मोठे काम होते. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी सुमारे २० टक्क्यांकडेच. आमच्याकडे बाप रानातून किंवा कामावरून आला की फोन घरात येतो, तो आधी भावाच्या हातात जातो, आणि मुलीच्या वाट्याला येईपर्यंत चार्जिंग संपलेले असते. जे काम रात्री ठरावीक वेळेला फोन हातात असण्यावर अवलंबून आहे ते मुलींसाठी बंदच समजा. लिहिणे वहीत आणि फोन फक्त पोचवण्यापुरता, हे म्हणून फार जपायला हवे.

दुरुस्तीबद्दलही थोडे लिहिते. मुलाची चूक गटात सगळ्यांसमोर दाखवायची नाही, हा नियम मी कधी मोडत नाही. गटात पालक असतात, शेजारी असतात. एकदा हसे झाले की ते मूल पुन्हा लिहीत नाही. मी मुलाला एकट्याला, पालकांच्या फोनवर, आवाजी निरोप पाठवते, मराठीत, अर्ध्या मिनिटाचा. आधी मजकुराबद्दल बोलते: तुमच्या म्हशीचं पुढे काय झालं ते मला समजलं नाही, ते लिही. मग एकच सुधारणा सांगते. एका आठवड्यात फक्त वाक्याच्या सुरुवातीचे मोठे अक्षर आणि शेवटचा पूर्णविराम. ते बसले की भूतकाळ. 'अ' आणि 'द' सगळ्यांत शेवटी, कारण ते सगळ्यांत उशिरा येतात. बाकीच्या चुका मला दिसत असतात, पण त्या थांबू शकतात. पहिला मजकूर खोडायचा नाही, त्याखाली दुसऱ्यांदा लिहायचे. स्वतःची दोन पाने शेजारी बघितली की मुलाला आपण काय शिकलो ते सांगावे लागत नाही.

एआयचा प्रश्न टाळून चालणार नाही. २०२४ च्या जूनपासून आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपमध्येच मेटा एआय आले आहे. मुलाने 'द्राक्षांवर दहा वाक्ये' असे लिहिले की क्षणात निर्दोष इंग्रजी हजर. गाइडमधून उतरवण्यापेक्षाही हे सोपे आहे. यावर बंदीचे परिपत्रक काढून उपयोग होणार नाही. पण विषय असा द्यावा की त्याचे उत्तर यंत्राकडे नाही: काल तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवलं आणि का? तुझ्या रस्त्यावरचा कुठला खड्डा कधी बुजला? आणि समोर खरा वाचक असला तर तो पुढचा प्रश्न विचारतो, तेव्हा उसने वाक्य फार लांब टिकत नाही. एखादा शब्द अडला म्हणून मुलाने यंत्राला विचारले तर मी अडवत नाही. पूर्ण परिच्छेद मागितला तर मी तो परत करते आणि मोडक्या इंग्रजीतला त्याचा स्वतःचा मागते.

माझी दुसरी मागणी शिक्षकांच्या वेळेची आहे, आणि ती मान्य झाली नाही तर बाकीचे सगळे कागदावर राहील. आपण हे काम 'उपक्रम' म्हणून सक्तीचे केले, त्याची लिंक पाठवली, रोज किती मुलांनी किती निरोप पाठवले ते संध्याकाळपर्यंत भरायला सांगितले, फोटो आणि लघुचित्रफिती मागवल्या, तर आठवड्याभरात सगळ्या राज्यातून एकसारखे सुंदर मजकूर येऊ लागतील आणि त्यातला एकही मुलाचा नसेल. शिक्षकांच्या फोनमध्ये आधीच शाळासमूहाच्या केंद्राचा गट, तालुक्याचा गट, पोषण आहाराचा गट, निवडणुकीच्या कामाचा गट आहे. ज्याला हे काम करायचे आहे त्याला करू द्या, ज्याला नाही त्याला सोडा. जो करील त्याच्या वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका यासाठी धरा आणि त्याबद्दल त्याच्याकडून कुठलीही माहिती मागू नका. तपासायचे असेल तर फेब्रुवारीत डाएटच्या माणसाने शाळेत यावे, जून-जुलैतले पान आणि फेब्रुवारीतले पान शेजारी ठेवून वाचावे. तेवढे पुरे आहे.

प्रशिक्षणाबद्दल एक सूचना. टाटा ट्रस्ट, ब्रिटिश कौन्सिल आणि राज्य शासन यांच्या 'तेजस' प्रकल्पात शिक्षकांचे छोटे गट जवळच्या शाळेत एकत्र बसत, आणि मधल्या काळात समाजमाध्यमांवर एकमेकांशी बोलत. ती रचना या कामाला अगदी योग्य आहे. मोठ्या सभागृहातले व्याख्यान नको. आठ-दहा शिक्षकांनी आपल्या मुलांची खरी पाने घेऊन बसावे आणि एकेका पानावर 'याला मी काय उत्तर लिहीन' एवढेच बोलावे. आमच्यापैकी अनेक जण स्वतः इंग्रजी लिहायला घाबरतात, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मुलांसाठी जे चालते ते आमच्यासाठीही चालेल. ओडिशातल्या शिक्षकाशी जोडी जमवायची तर आम्हालाही त्याला इंग्रजीतच लिहावे लागेल.

पालकांसाठी दोन ओळी. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून यात आपले काम नाही असे समजू नका. मुलाला म्हणावे, काय लिहिलेस ते मला मराठीत सांग. सांगताना त्याला स्वतःलाच कळते की काय सुटले. आणि फोन हातात देताना शेजारी बसा.

परिषदेकडे मी ठोस असे तीन कागद मागते. एक, मराठीतला साध्या भाषेतला संमतीपत्राचा नमुना, ज्यात मुलाची कोणती माहिती जाईल आणि कोणती जाणार नाही हे पालकाला समजेल अशा शब्दांत लिहिलेले असेल. आज प्रत्येक शाळा आपापल्या अंदाजाने संमती घेते, काही घेतच नाहीत. दोन, आठवड्यातल्या एका इंग्रजीच्या तासिकेला अशा पत्रव्यवहारासाठी मान्यता देणारे पत्र, म्हणजे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर शिक्षकाला सफाई द्यावी लागणार नाही. तीन, ओडिशातल्या इच्छुक सरकारी शाळांची यादी, जिथे सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाशी आम्हाला थेट बोलता येईल. ही यादी तिकडच्या शिक्षण विभागाकडून मागवण्याचा अधिकार आम्हा शिक्षकांना नाही, आपल्याला आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून पाच शाळा आल्या तरी चालतील. हे तिन्ही कागद दिवाळीच्या सुट्टीआधी मिळाले तर दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात आमचा सातवीचा वर्ग लिहायला बसेल.

आपली,
खानापूर तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेची इंग्रजीची एक शिक्षिका